आभाळाला जमीन जोडताना

भुकूम

पौड रस्त्यावर भुकूमजवळ एका नव्या गृहप्रकल्पाचा फलक आहे. उंच इमारत, तिच्या प्रत्येक खिडकीत दिवा, पायथ्याशी निळंशार तळं, आणि इमारतीच्या डोक्यावर अख्खी आकाशगंगा. मी भुकूमलाच भाड्याच्या खोलीत राहते. त्या फलकाखाली रात्री उभं राहून वर पाहिलं तर एखादा ग्रह आणि विमानं सोडून काही दिसत नाही. तळं तर नाहीच, तळ्याच्या जागी पाण्याचे टँकर उभे असतात. म्हणजे ज्या आभाळाचा गळा हे लोक आवळणार, त्याचाच फोटो लावून घरं विकणार! यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. मथळा: ‘आभाळ चिकटवून मिळेल’. चहाच्या टपऱ्यांवर वाटलं. लोकांनी त्यात भजी बांधून नेली. हरकत नाही. तेल निथळेपर्यंत मथळा तरी वाचला असेल.

हे आधीच सांगून ठेवते, कारण माझा राग माहीत नसेल तर पुढची गंमत कळायची नाही.

आम्ही पाच-सहा जण आहोत. नोकऱ्या करून उरलेल्या वेळात रात्रीच्या फुकट उधळलेल्या उजेडाविरुद्ध बोलतो, लिहितो, अर्ज करतो. त्यातला सुमेध मूळचा अकोल्याचा, हिंजवडीत संगणकावर बसतो आणि सुट्टीच्या दिवशी ताऱ्यांचे फोटो काढतो. रिह्याच्या खोऱ्यातल्या एका वाडीत तो नेहमी उतरतो. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात त्याला तिथून फोन आला: वाडीला कुणीतरी उंच खांब भेट देतंय, वर चारी बाजूंना मोठाले झोत, आणि तो घ्यायचा की नाही हे रविवारी देवळात बसून ठरणार आहे.

“गेलं आभाळ,” सुमेध म्हणाला.

“अजून नाही गेलं,” मी म्हणाले. “रविवारी ठरणार ना? मग शुक्रवारी आपण जायचं, वाडीवरची आकाशगंगा टिपायची, मोठा फोटो छापायचा आणि सभेत सगळ्यांच्या समोर धरायचा. काय घालवताय ते डोळ्यांनी बघा म्हणावं.”

इतका साधा बेत होता.

घोटावडे फाटा

बेत साधा नाही हे घोटावडे फाट्यावर चहा पिताना कळलं. मी आपलं सहज विचारलं, “एका फोटोत सगळं येईल ना? आभाळ, डोंगर, शेतं, देऊळ?”

“एका फोटोत काहीच येत नाही,” सुमेध म्हणाला. “तारे सरकत असतात. वीसेक सेकंदांच्या वर शटर उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या शेवया होतात. आणि तेवढ्या वेळात जमीन येते कोळशासारखी. जमीन दिसायला हवी तर एक तर तिन्हीसांजेला, थोडा उजेड असताना तिचा वेगळा फोटो घ्यायचा, नाही तर रात्री चार-पाच मिनिटं शटर उघडं ठेवायचं. मग घरी आल्यावर याचं आभाळ, त्याची जमीन, असं जोडायचं.”

“म्हणजे चिकटवायचं.”

“ब्लेंड करायचं.”

“भुकूमचा फलकवालाही हेच म्हणत असेल.”

सुमेध शांत माणूस आहे. मी अर्ज लिहिताना कागद फाटेपर्यंत पेन दाबते, तेव्हा तो खाली दुसरा कागद सरकवतो. पण या वाक्यावर त्यानं ग्लास खाली ठेवला. “त्याचं आभाळ लडाखचं, तळं युरोपातलं आणि इमारत अजून झालेलीच नाही. माझा ट्रायपॉड जागचा हलत नाही. त्याच जागेवरचं आभाळ, त्याच जागेवरची जमीन. डोळ्याला अंधारात जेवढं दिसत नाही तेवढं फक्त दाखवतो. दोन्ही एक करू नकोस.”

टपरीवाल्यासमोर बराच वाद झाला. शेवटी मी नियम घातला: एक जागा, एक रोख, एक संध्याकाळ. यातलं एक जरी चुकलं तर तो फोटो माझ्या हातात सभेला येणार नाही. सुमेधनं माझ्या हातावर हात मारला. टपरीवाला म्हणाला, “लग्नाचं ठरलं का?” आम्ही दोघंही जोरात नाही म्हणालो.

वाडी, शुक्रवार

वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही गाड्या घेऊन जाल आणि बांधावर लावाल.

पण डोळ्यांपुढं उभी करते. दोन्ही बाजूंना डोंगराच्या सोंडा आणि मधे भातखाचरांच्या पायऱ्या. भात पिकून वाकलेलं. इंद्रायणी तांदळाचा वास नुसता शिजल्यावर येतो अशी माझी समजूत होती, पण संध्याकाळी उन्हं उतरताना ते उभ्या शेतातही घमघमतं. मी सोलापूरकडची. आमच्याकडं शेत म्हणजे सपाट काळी जमीन आणि डोळा थकेपर्यंत ज्वारी. इथं नजर जिकडं टाकावी तिकडं डोंगराला धडकून परत येते. पहिला तासभर मला कोंडल्यासारखं झालं. मग वर पाहिलं. डोंगरांनी सगळीकडून धरलेलं ते आभाळ ताटासारखं समोर ठेवलेलं होतं, आणि मी मनात म्हटलं, ठीक आहे.

आम्ही उतरलो इंदूकाकींकडे. त्यांच्या दोन खोल्या पाहुण्यांना असतात. काकी पन्नाशी ओलांडलेल्या, आवाज खाचराच्या पलीकडे पोचणारा. “हीच का ती भांडकुदळ?” त्यांनी सुमेधला विचारलं, आणि माझ्याकडं वळून, “ये बाय, ये. भूक लागली आसंल. भांडायला लई ताकद लागती.”

घरामागं मळणीसाठी नुकतंच सारवलेलं खळं होतं. तिथून नैऋत्येला पाहिलं की सगळं एका चौकटीत: खाचरं, त्यांच्यामधून जाणारा बांध, बांधाच्या टोकाला देऊळ, मागं डोंगर. ऑक्टोबरात अंधार पडता पडता आकाशगंगा त्याच डोंगरावर उभी असते, म्हणजे जागरण नाही. सुमेधनं ट्रायपॉड रोवला, सूर्य गेल्यावर निळसर उजेडात जमिनीचे फोटो घेतले, आणि कॅमेऱ्याला हात न लावता दोन पावलं मागं आला. “आता पूर्ण अंधार झाला की आभाळ घ्यायचं. तोवर हा देवासारखा इथंच.”

तोवर काकींनी जेवायला हाक मारली. ओढ्याच्या खेकड्यांचा रस्सा होता. मला खेकडा फोडता येत नाही. मी नांगी दातात धरून दाबली ती उडाली आणि सुमेधच्या मांडीवर जाऊन पडली. त्यानं तिखट हात पटकन खिशातल्या कापडाला पुसला, मग ते कापड भिंग पुसायचं आहे हे त्याला आठवलं, आणि त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. वर भाकरी झाल्यावर पुन्हा भात. आमच्याकडं भात आजाऱ्याला आणि लग्नात. इथं भात वाढला नाही तर जेवण झालं असं कुणी मानतच नाही.

हात धुऊन आम्ही खळ्यावर गेलो. खळं रिकामं.

“काकी!” सुमेध ओरडला.

“घरात हाय, घरात!” काकी आतूनच म्हणाल्या. “दव लई पडतंय रं. भिजलं आसतं की यंत्र. तिन्ही तंगड्या मिटून, गोधडीत गुंडाळून ठिवलंय. काळजी करू नगंस.”

काकींच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की काही बोलायची सोय नव्हती. सुमेध म्हणाला, “बरं केलंत काकी.” मी त्याच्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत मी कुणाला इतकं गोड खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. सारवलेल्या खळ्यावर ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा शोधल्या, पण काकींनी त्याच्यावरून हातही फिरवून घेतला होता. पुन्हा रोवला तर अदमासानं. एक जागा गेली, एक रोख गेला. माझ्याच नियमानं शुक्रवार बाद.

मनीषा

त्याच वेळी काकींची सून घरी आली. मनीषा. माझ्याच वयाची. लवळ्याला एका कॉलेजच्या कँटीनमध्ये पोळ्या आणि हिशेब दोन्ही बघते. रिक्षा तिला डांबरी रस्त्याला सोडते, तिथून देवळाकडून बांधाच्या वाटेनं ती चालत येते. खांद्याला पिशवी, हातात फोनची बॅटरी.

पायावर पाणी घेऊन ती थेट माझ्यासमोर बसली. “तुमी त्या खांबाच्या इरोधात आलाय म्हणं?”

“हो.”

“मग मी तुमच्या इरोधात,” ती म्हणाली, आणि स्वतःला वाढून घेताना, मी जेवलेय म्हटलं तरी, मलाही पुन्हा भात वाढला.

मी काही कमी नाही. मी सुरू केलं. झोतांमुळं पाखरं वाट चुकतात, काजवे नाहीसे होतात, कीटक दिव्याभोवती मरतात, पिकांचं चक्र बिघडतं, आणि माणसाचा जन्मसिद्ध हक्क असलेलं आभाळ…

“काजव्यांना म्हणावं, माझी नोकरी करा,” मनीषा म्हणाली. “त्यांना काय, बुडालाच दिवा हाय.”

सुमेध हसला. मी त्याला डोळ्यांनी दाबलं. ती काकींकडं वळली. “आत्याबाई, सांगा की ह्यांना. पावसाळ्यात बांधावर काय काय आडवं येतंय ते.”

“येतंय की,” काकी म्हणाल्या. “पन खांब बी लई उंच सांगत्यात. माज्या खोल्यांवर लोक येत्यात ते चांदण्या बघाया. मला दोनी पटतंय. मी सभंला मागंच बसनार.”

घरात दोन बाया आणि मतं अडीच. मी रात्री पत्रकाचा मजकूर जुळवत पडले, आणि खरं सांगायचं तर काजव्यांची ओळ तेवढी गाळली.

वाडी, शनिवार

सकाळी वाडीत हिंडले. घराघरांतून करंज्या तळल्याचा वास. देवळाच्या कट्ट्यावर वाडीतले सगळ्यांत जुने गृहस्थ, त्यांना सगळे आबा म्हणतात, ऊन खात बसले होते. मी माझं काम सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकलं आणि कट्ट्यावरच्या बाकीच्यांना म्हणाले, “ऐका रं. दिवाळी दारात आली, आन् पोरगी म्हनतीया अंधार ऱ्हाऊ द्या!”

कट्टा हसला. मलाही हसू आलं, आणि राग हसण्यात गेला की परत गोळा करायला वेळ लागतो.

आबांना मी आमच्याकडच्या माळवदांचं, मातीच्या सपाट छपरांचं सांगितलं. उन्हाळ्यात सगळं गाव माळवदावर अंथरुणं टाकून झोपतं, आणि शेजारच्या माळवदावरची म्हातारी तारे दाखवत दाखवत घोरायला लागते. आबा म्हणाले, “हितं कौलं. कौलावर कुनी झोपत न्हाई. आमी आभाळ बघतोय ते पाऊस कवा हाय ते बघाया.” वर बघायची कारणंसुद्धा गावागणिक वेगळी असतात, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

संध्याकाळी ढग आले. तिन्हीसांजेचा निळा उजेड आलाच नाही, नुसतं राखाडी होऊन अंधारलं. मग मात्र वारा सुटला, ढग डोंगरापलीकडं गेले आणि आभाळ धुतल्यासारखं उघडलं. नैऋत्येच्या डोंगरावरून आकाशगंगा चुलीच्या धुरासारखी सरळ वर निघाली होती. पाठीमागं पुण्याचा पिवळा उजेड होता, पण आमची पाठ होती त्याला.

ट्रायपॉडपाशी मी स्वतः राखण बसले. दव पडतच होतं आणि भिंगावर धुकं धरत होतं. काकी आल्या, या वेळी कॅमेऱ्याला हात न लावता. त्यांच्याकडं तव्यावर भाजलेल्या मिठाची पुरचुंडी होती. “बारक्या पोरांच्या छातीला शेक देत्यात तसा देऊ का ह्याला?” सुमेधनं ती मोज्यात घालून भिंगाभोवती बांधली. धुकं गेलं. सर्दी झालेल्या पोरासारखा गळपट्टा गुंडाळलेला कॅमेरा वीस-वीस सेकंदांनी टिकटिक करत आभाळ घेऊ लागला.

आभाळ झालं. “आता जमीन,” सुमेध कुजबुजला, जणू मोठ्यानं बोललं तर जमीन हलेल. शटर उघडलं. आता चार-पाच मिनिटं काहीही न करता बसायचं.

आणि बांधाच्या टोकाला, देवळाशी, एक दिवा उगवला.

“नको,” सुमेध म्हणाला.

दिवा बांधावरून आमच्याकडं येऊ लागला. मनीषा कामावरून घरी येत होती. तिला काय म्हणणार, चालू नको? अंधारात थांब? सुमेध डोकं धरून बसला आणि दिवा सबंध चौकट कापत घरापर्यंत आला. शटर मिटलं. “परत घेऊ,” तो म्हणाला, तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरच्या फार्महाउसमध्ये पाहुणे आले. एका झटक्यात त्यांच्या भिंतीवरचे झोत लागले, डोंगर पांढराफटक झाला आणि आकाशगंगा पाटी पुसावी तशी गेली.

वाडीला खांब भेट देणारे गृहस्थ म्हणजे या फार्महाउसचेच मालक, हे मला तेव्हा काकींकडून कळलं. मी खळ्यावर उभी राहून जे बोलले ते पत्रकात छापता येणार नाही.

पडवी, रविवार सकाळ

सुमेध पडवीत लॅपटॉप घेऊन बसला. आधी आभाळाचे सगळे फोटो एकावर एक ठेवून त्यातला दाणेदारपणा काढला. मग जमिनीचा फोटो खाली घातला आणि डोंगराच्या कडेनं जोड लावायला घेतली. हे काम मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. कडेवर एकेक झाड आहे. आभाळ जरा खाली आलं तर झाडाच्या फांदीत तारे अडकतात. जमीन जरा वर गेली तर डोंगराला उजळ झालर लागते आणि कुणीही ओळखतो की शिवण आहे. तो इतक्या हळू हात चालवत होता की चहा गार झाला तरी एक टेकाड पुरं झालं नव्हतं.

जोड झाली आणि चित्र उभं राहिलं. खरंच सांगते, मी त्यात एकही खोट काढली नाही. माझ्या बाबतीत ही बातमी आहे.

फक्त बांधावरून एक झगझगीत पांढरी रेघ गेली होती.

“दोन रस्ते आहेत,” सुमेध म्हणाला. “शुक्रवारची निळ्या उजेडातली जमीन आहे. थोडी सरकवली की बसेल. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“भुकूम,” मी म्हणाले.

“बरं. मग ही रेघ पुसतो. बाकी सगळं एका जागेचं, एका रोखाचं, एका संध्याकाळचं. तुझे तिन्ही नियम पाळून.” आणि त्यानं पुसलीसुद्धा. चहाचा घोट घ्यावा इतक्या सहज. बांधावर नुसतं भात आणि वर आकाशगंगा. कुठं दिवा नाही, माणूस नाही. मला हवं होतं अगदी तेच. मथळाही तयार होता: ‘याला खांब कशाला?’

मी म्हणाले, “हेच छापू.” आणि मग म्हणाले, “परत दाखव.”

रेघ परत आली. सुमेधनं ती मोठी करून दाखवली. बांधावरून सरळ, बारीक, चालीबरोबर जराशी वरखाली. आणि मध्येच एका जागी गाठ पडल्यासारखा मोठा पांढरा ठिपका.

“हे काय?”

“उजेड एका जागी जास्त वेळ राहिला की असा फुलतो. म्हणजे इथं ती थांबली. बराच वेळ.”

आम्ही लॅपटॉप मिटला आणि बांधावर गेलो. ठिपक्याच्या जागी पाण्याची चारी होती. चारीवरची फरशी मधोमध फुटून आत पडलेली. एक तुकडा उरला होता, पाऊल जेमतेम मावेल एवढा. मी दिवसाउजेडी पाय टाकला, तुकडा डुगडुगला आणि माझी एक चप्पल चारीतून खाली कुणाच्या तरी खाचरात गेली. सुमेध ती आणायला गेला. मी एका पायावर उभी होते. मनीषा रोज रात्री, एका हातात फोन आणि खांद्याला पिशवी घेऊन, हा तुकडा पायानं चाचपत असते. त्या फलकवाल्यानं नसलेलं आभाळ लावलं. मी असलेली बाई काढायला निघाले होते.

“रेघ राहू दे,” मी म्हणाले.

“पोस्टर म्हणून बाद होईल,” खालून सुमेध म्हणाला, चप्पल उलटी करून चिखल काढत. “लोक तेच बघतील.”

“बघू दे.”

पौड आणि देऊळ

छापायला पौडला गेलो. स्टुडिओवाला दिवाळीच्या गर्दीत बुडालेला. त्यानं छापून हातात दिलं तर आभाळ दुपारसारखं. “लई काळा आलता, उजळ करून दिला,” तो कौतुकानं म्हणाला. “खाली कोपऱ्यात पणती टाकू का? शुभ दीपावली?” पुन्हा छापून घेतला. पणतीला नाही म्हटल्यावर त्याला फार वाईट वाटलं.

सभा देवळाच्या मंडपात. पुढं पुरुष, मागं बाया, बाजूला टेबलाशी ग्रामसेवक. मी बोलायला उभी राहिले. पत्रकाची सवय, पहिल्याच वाक्यात ‘तीव्र निषेध’ आला. आबा म्हणाले, “पोरी, निषेध ऱ्हाऊ दे, फोटू दाव.”

फोटो हातोहात फिरला. मला वाटलं होतं लोक आकाशगंगा बघून थक्क होतील. लोकांनी आधी आपापली घरं शोधली. “ह्यो आपला गोठा.” “कवलं कदी सारवली, बेस दिसत्यात.” “कवलं सारवत्यात व्हय रं?” मग कुणीतरी वर पाहिलं. “आपल्या डोंगरावर हे आसतंय?” तो प्रश्न मागं मागं जात राहिला, आणि फोटो हळू सरकू लागला. प्रत्येकजण तो जास्त वेळ धरू लागला.

“आन् ही बांधावर काय, वीज पडली का काय?”

“मी हाय ती,” मागून मनीषा म्हणाली.

मंडप हसला. “अगं, तू तर पार आभाळात गेलीस!”

“आभाळात कशाला जाऊ, चारीत जाईन येक दिवस,” ती म्हणाली आणि उठून पुढं आली. ठिपक्यावर बोट ठेवलं. “हितं फरशी फुटलीया. हितं मी रोज उभी ऱ्हातिया. पाय कुटं ठिवायचा ते बघत.” मागून दुसरी म्हणाली, “आमी बी.” तिसरी म्हणाली, “माजी घागर तितंच गेली की.” आणि मग बराच वेळ पुरुषांना बोलायला जागाच मिळाली नाही.

गलका उतरल्यावर मनीषानं ग्रामसेवकांना विचारलं, “त्यो खांब बसनार कुटं?”

“फार्महाउसच्या वळणावर. तिथंच जागा देतायत ते.”

ती फोटोकडं बघत राहिली. फोटोत वळण होतं, चारी होती आणि दोन्हींच्या मधे बांबूचं दाट बेट होतं. “मग माज्या चारीवर उजेड पडायचा कसा? बांबूवर पडंल की समदा.”

आबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. “खांब वाडीला देत्यात म्हनं,” ते म्हणाले, “पन उजेड त्येंच्या दाराला.”

मी उठणार होते. इथं बोलण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं. सुमेधनं माझी ओढणी खाली ओढली. त्यामुळं मी बसूनच एवढं म्हणाले की बांधाच्या कडेनं कमरेएवढे दिवे लावता येतात, वर टोपी असलेले, उजेड फक्त पावलावर पाडणारे.

मनीषानं माझ्याकडं वळून पाहिलं. “हे परवाच का न्हाई सांगितलं? काजवं काजवं करत बसलीस.”

“तू विचारलं नाहीस.”

“तू ऐकू दिलं न्हाईस.”

आबा म्हणाले, “भांडनं घरी. आधी फरशी, मग बुटकं दिवं, आन् खांबाला नमस्कार. फार्महाउसवाल्यांना सांगाया कोन जानार?”

सगळा मंडप माझ्याकडं बघू लागला. मी जाणार आहे. त्यांच्या भिंतीवरच्या झोतांबद्दलही बोलणार आहे, आणि ते बोलणं खांबाएवढं सोपं जाणार नाही हे मला माहीत आहे.

“तर मग,” ग्रामसेवक पेन उघडत म्हणाले, “बांधावर दिवे लावावेत, या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.”

हात वर झाले. पुढचे, मागचे. इंदूकाकींनी इकडंतिकडं पाहून केला. मनीषानं केला. आणि वाडीत अंधार ठेवा सांगायला आलेल्या मीही केला, ताठ, दंड कानाला लावून.

ग्रामसेवक मोजत मोजत माझ्यापाशी आले. “ताई, तुमचा धरता येत नाही. तुम्ही इथल्या मतदार नाही. हात खाली घ्या.”

“नका धरू,” मी म्हणाले, आणि हात वरच ठेवला.

“ऱ्हाऊ द्या की ओ,” शेजारून मनीषा म्हणाली. “हातच हाय, खांब थोडाच हाय.”